मॅक्वीन गेला तेव्हाच शटर ओढायला हवं होतं, म्हणणाऱ्या काकांना

शहापूरची कात्री
परवा बेळगावातल्या टिळकवाडीच्या काकांनी इथं लिहिलं: "फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन २०१० साली गेला, तेव्हाच त्या दुकानाचं शटर ओढायला हवं होतं. पुढची १३ वर्षं सारा बर्टननं नुसते गोड कपडे केले. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा, ही गिऱ्हाइकाची फसवणूक." दोन दिवस गप्प बसले. खरं राहवत नाही.

काका, मॅक्वीन हा टॅक्सीवाल्याचा पोरगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या सॅव्हिल रोवर, सूट शिवणाऱ्यांच्या रस्त्यावर, शिकाऊ म्हणून बसला. खांदा, मुंढा (बाही जोडतात ती जागा), अस्तर, सगळं हाताखालून गेलं आणि मगच त्यानं बंड केलं. त्याची ती कमरेखाली उतरलेली 'बम्स्टर' पँट लोकांना अश्लील वाटली. मला तिच्यात बेतणं दिसतं. कंबर एवढी खाली घेऊन पँट अंगावर धरून ठेवायची तर सीट किती नेमकी कापावी लागते, हे ज्यानं कापडावर खडू ओढलाय त्यालाच कळेल.

ही विद्या शेजारी बसूनच येते. मी शहापुरात ज्या मास्तरांकडे शिकले त्यांनी पहिलं वर्षभर कात्रीला हात लावू दिला नाही. काजं करायची, तुरपाई करायची आणि ते बेततात ते बघत राहायचं. सारा १९९६ मध्ये शिकत असतानाच मॅक्वीनकडे आली. २००० पासून बायकांच्या कपड्यांचं काम तीच सांभाळत होती. मॅक्वीनची आई जाऊन नऊ दिवस होतात न होतात तोच, ११ फेब्रुवारी २०१० ला, तोही गेला. मागं अर्धवट राहिलेले १६ पोशाख तिनं आणि बाकीच्यांनी पुरे केले आणि मार्चमध्ये पॅरिसला दाखवले. चौदा वर्षं त्याच्या टेबलाशी बसलेल्या बाईला तुम्ही "दुसरी" म्हणता, हे मला पटत नाही.

दुसरं गेट, टिळकवाडी
ताई, तिच्या हाताला मी कधीच नाव ठेवलं नाही. २०११ च्या शाही लग्नातला केटचा ड्रेस तिचाच. त्यावरची लेस बसवणाऱ्या बायका दर अर्ध्या तासाला हात धुवायच्या, दर तीन तासांनी सुई बदलायच्या. इतकं निर्मळ काम क्वचित होतं. माझी तक्रार नेमकी तीच आहे. मॅक्वीनचं काम निर्मळ नव्हतं. १९९५ ला त्यानं स्कॉटलंडवर झालेला अत्याचार फाटक्या लेसमधून दाखवला, बघणाऱ्यांना बसवेना. पुढं एका शोच्या शेवटी मधोमध पांढऱ्या ड्रेसमधली मुलगी उभी केली आणि दोन यंत्रं तिच्यावर रंग फवारू लागली. तो त्याच्या पोटातला राग होता. मुंढा शिकवता येतो, राग कसा शिकवणार?

आणि पाटीचं म्हणाल तर अनुभवानं बोलतोय. १९८१ साली माझ्या लग्नाचा सूट कॅम्पातल्या एका मास्तरांनी शिवला. आजही हात वर केला तर कोट वर येत नाही. मास्तर वारले, मुलानं तीच पाटी ठेवली. माझ्या मुलाच्या लग्नाला विश्वासानं तिथंच गेलो. मापं तीच, कापड भारी, शिलाई चौपट आणि डाव्या खांद्याला सुरकुती. तीनदा अल्टर केला. शेवटी लग्नाला मी जुनाच घालून उभा राहिलो. म्हणून म्हणतो, माणूस गेला की पाटी उतरवावी.

खानापूरची लेक
तुम्ही दोघं लंडनला पोचलात. आम्हाला चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथले फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स २०२० मध्ये गेले, खरं त्याआधीच, २०१६ ला, धडधाकट असताना त्यांनी आपलं लेबल शुलेन फर्नांडिसच्या हाती दिलं आणि स्वतः कोलवाळच्या कपड्यांच्या संग्रहालयाच्या मागं लागले. काका, तुमच्या मास्तरांनी हयातीत मुलाला टेबलाशी बसवलं होतं का, हे आधी विचारा.

आणि वेंडेलनी कुणबी साडी रॅम्पवर नेली, ती काय त्यांनी काढलेली होती? शेतात राबणाऱ्या बायकांची लाल चौकडी होती ती. गोव्याला असा माणूस मिळाला. आमच्या इरकलीला कुणी मिळालं नाही, उलट पॉवरलूमवाल्यांनी तिचं वाटोळं केलं. आज इथं मागावरून उतरतं त्याला मी तरी इरकल म्हणणार नाही.

वडगावचा धोटा
वाटोळं? काय बोलूलालाय तुम्ही ताई! आमच्या आजोबांचा हातमाग होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचे, उतारवयात गुडघे सरळ होत नव्हते. एका लुगड्याला दिवसचे दिवस जायचे आणि हातात येणाऱ्या मजुरीत घर चालायचं नाही. वडलांनी कर्ज काढून पॉवरलूम घातला म्हणून आम्ही तिघं भावंडं शिकलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विणलेला माल घरात छताला टेकला होता, एक व्यापारी उचलायला आला नाही. तेव्हा इरकलीच्या कैवाऱ्यांपैकी कोण आलं होतं वडगावात? सुरतेचा छापील माल निम्म्या भावात बाजारात आला तो आम्ही आणला काय?

खानापूरची लेक
दादा, तुमच्या घरावर बोलले नाही मी. साडीवर बोलले. इरकलीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा, एकेक फास घालून जोडलेला. टोपे-तेनी म्हणतात ती हीच. तो लाल रेशमी पदर, त्यावरची पांढरी टोपं. तुमच्या मागावर हे फास घालता येतात का? नसतील येत तर साडी विका, भरपूर विका, नाव दुसरं द्या. माझ्या आजीच्या इरकलीचं अंग विरून गेलं, पदर तेवढा शाबूत राहिला. तो कापून आईनं माझ्या बाळाची कुंची शिवली. छापील पदराची शिवून दाखवा.

निपाणीकर
मुळात इरकल आपली म्हणायची कशाला? गाव इलकल, बागलकोट जिल्ह्यात. विणणारे तिकडचे. आपण नुसतं नाव मराठीत वळवून घेतलं.

वडगावचा धोटा
निपाणीकर, हे इथं नको. आमच्या गल्लीत ताणा करणारा कानडी बोलतो, कांडी भरणारी मराठी बोलते, मजुरीची बोलणी दोन्हीत होतात. इलकलच्या बाहेर बायका नेसल्या म्हणून तर त्या मागांना काम होतं.

ताई, फास पॉवरलूमवर बसत नाहीत, हे खरं आहे. आमचा पदर सलगच येतो. यंत्रावरच्या मालाला इरकल म्हणून विकू नये, हेही मान्य. आमच्या आजोबांनी ऐकलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं. खरं पूर्ण मजुरी मोजून हातमागाची घ्यायला किती बायका तयार आहेत, हे तुमच्या मैत्रिणींना विचारून इथं लिहा. मी मागे हटलो, आता तुमची पाळी.

खानापूरची लेक
गेल्या पाच वर्षांत हातमागाच्या दोन घेतल्या. मैत्रिणींपैकी कुणी नाही. "वाटोळं" शब्द मागे घेते. नावाचं म्हणणं ठाम आहे.

दुसरं गेट, टिळकवाडी
इरकलीचं मिटलं असेल तर शहापूरच्या ताईंना एक विचारतो. "शेजारी बसूनच येतं" म्हणालात. पॅरिसचं शनेल हे फॅशनचं घर काढणारी कोको शनेल १९७१ ला गेली. कार्ल लागरफेल्ड आला १९८३ ला. तिच्या हाताखाली त्यानं एक दिवस काढला नव्हता, तरी मरगळलेलं घर त्यानंच उभं केलं. उलट व्हर्जिनी व्हिआर त्याच्या बाजूला तीसेक वर्षं होती. २०१९ ला तो गेल्यावर गादी तिला मिळाली आणि पाच वर्षं लोक म्हणत राहिले, फिकं, फिकं. २०२४ ला तिनं शनेल सोडलं. तुमचा नियम इथं दोन्हीकडून उलटा पडतो.

शहापूरची कात्री
हे लागलं मला. सकाळपासून तीन ब्लाउज बेतले, डोक्यात हेच.

लागरफेल्डबद्दल एवढं म्हणेन की कोको गेली तरी पॅरिसचं वर्कशॉप बंद पडलं नव्हतं. तिच्या जॅकेटच्या अस्तरात खाली साखळी लावायची, म्हणजे जॅकेट सरळ लोंबतं. हे करणारे हात तिथंच होते. कार्लला ते आयते मिळाले. बारा वर्षं कुलूप असतं तर कार्लही काही करू शकला नसता. म्हणून शटर ओढण्याचं तुमचं म्हणणं मी अजून मानत नाही.

व्हिआरचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही. २०२३ मध्ये शनेलची उलाढाल १९.७ अब्ज डॉलरवर गेली, तेव्हा तीच तिथं होती. खरं खप वाढला म्हणजे ढब राहिली असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तीस वर्षं शेजारी बसून हात येतो, डोळा येतोच असं नाही. हे मान्य करताना जड जातंय, कारण माझ्या मास्तरांकडून मी नेमकं काय घेतलं हा प्रश्न त्यात आहे.

आणि मॅक्वीनचं: २०२३ ला सारानं ते घर सोडलं, शॉन मॅकगिर आला. तो बाहेरचा. मार्च २०२४ चा त्याचा पहिला शो बघितला. समीक्षकांनी झोडपला, मलाही त्यात मॅक्वीनची खूण असलेली कवटी दिसली, कट दिसला नाही. तुमचं "नाव एकाचं, माल दुसऱ्याचा" त्या शोपुरतं घ्या. साराला लावू नका.

दुसरं गेट, टिळकवाडी
साराचं अर्धं मागे घेतो. तिच्या ऑक्टोबर २०१० च्या पहिल्या शोमधला पिसांच्या फुलपाखरांचा ड्रेस काल पुन्हा पाहिला. त्यात गोडवा आहे, भीतीही आहे. पुढच्या वर्षांतलं मला अजून फिकंच वाटतं.

शहापूरची कात्री
काका, तो १९८१ चा सूट घेऊन या. हात वर केला तरी कोट वर येत नाही म्हणता, म्हणजे मुंढा उंच कापलाय. तो आतून बघायचाय मला. तुमच्या मास्तरांनी कुणाला दाखवला नसेल तर आता तेवढंच उरलंय.

दुसरं गेट, टिळकवाडी
उसवायला देणार नाही. वरून माप घ्या.

शहापूरची कात्री
वरून कळत नाही. एकच बाजू उसवते, त्याच भोकांतून परत शिवून देते.

दुसरं गेट, टिळकवाडी
एकच बाही. आणि शिवून होईपर्यंत मी समोर बसणार. रविवारी येतो.