हर्णै ते गणपतीपुळे किनाऱ्याने चालत: ५ दिवसांत जमेल का?

टेकडीवाली_४७
नमस्कार मंडळी, दीड वर्षापूर्वी शुगर बॉर्डरवर आली म्हणून चालायला लागले, आधी सोसायटीतच गोल गोल, मग वेताळ टेकडी, आता रविवारी १२-१४ किमी सहज होतात. तर आता डोक्यात किडा आलाय की डिसेंबरात नणंद आणि मी हर्णैहून निघायचं, मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ, पलीकडे धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळहून जयगड आणि शेवटी गणपतीपुळे. नकाशावर मोजलं तर शंभरच्या वर जातंय. नवरा म्हणतो गाडी घेऊन मागे येतो, ते नकोय 😄 तारखा साधारण अष्टमीच्या आसपास धरल्यात, सुट्ट्या तेव्हा मिळतात म्हणून. रोज २०-२२ झेपेल का? आणि जास्तीत जास्त वाळूतूनच चालायचंय, डांबरी रस्ता नको.

माळकरी
ताई, एका दिवसात २२ झेपणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत २२ वेगळं. पहिल्या वारीत पुणे-सासवड मी मजेत गेलो, दिवेघाट पण चढलो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. सासवडला माऊलींचे दोन मुक्काम असतात ते बरंय. तुम्ही आतापासून शनि-रवि लागोपाठ चाला, तेही पाठीवर सॅक घेऊन, रिकाम्या हाताने नाही. आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवा, गुहागरला ठेवा.

खाडीकाठ
मी गुहागरचाच. अष्टमी?? अहो तारीख बदला आधी. आमच्याकडे सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण भरती, तुम्ही गार वेळेला निघणार तेव्हाच पाणी वर, चालायला उरते ती मऊ वाळू, त्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, आणि पूर्ण ओहोटी होईल बारा वाजता भर उन्हात. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पहाटे सव्वापाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि उधाणाची असल्यामुळे पाणी लांब आत गेलेलं, ओली घट्ट वाळू मैदानासारखी. पुढे रोज पाऊणएक तास उशिरा, म्हणजे पाचही सकाळी तुमच्या. पंचांग बघा, ॲप नंतर.

बाकी सगळं वाळूतून होणार नाही. लाडघरच्या पुढे चढउतार आहे, कातळ आहेत, रस्ता धरावाच लागतो. खाड्या उतरून जायच्या भानगडीत पडू नका, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड दोन्हीकडे फेरीबोट आहे. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, सावली शून्य. गुहागरचा किनारा मात्र सलग पाचसहा किमी, सुरूच्या बनाशेजारून, तिथे मजा घ्या. हेदवीची बामणघळ, म्हणजे कातळातली भेग जिच्यातून पाणी उंच उडतं ती, बघायची तर भरतीलाच थांबा, ओहोटीत नुसती भेग दिसते.

अनवाणी_नाही
एक भर, किनारा उतरता असतो त्यामुळे समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो, दोन तासांत कंबर बोलायला लागते. जिथे सपाट तिथेच पाण्याजवळून चाला. बूट ओले झाले की मोजे लगेच बदला, मी आळस केला होता आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड, उरलेला प्रवास वडापने, म्हणजे शेअर जीपने.

टेकडीवाली_४७
बाप रे, तिथीचं गणित पहिल्यांदाच कळलं, सासूबाईंना विचारलं तर म्हणे हे तर कुणालाही माहीत असतं!! तारखा पौर्णिमेवर सरकवल्या, रजेचं बघू. गुहागरला एक दिवस जास्तीचा म्हणजे आता ६ दिवस. खाडीकाठ, दाभोळची पहिली बोट सकाळी किती वाजता?

खाडीकाठ
आदल्या संध्याकाळी दाभोळला पोचाल तेव्हा धक्क्यावरच विचारा, वेळा बदलतात. आणि नणंदबाईंना सॅकची प्रॅक्टिस सुरू करायला सांगा, त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत 😀