सार्वकालिक फुटबॉल ड्राफ्ट कसा खेळता? नियम, पिक आणि हमखास होणारे वाद

धागाकर्ता
पेलेपासून मेस्सीपर्यंत कोणालाही उचला, एक खेळाडू एकाच संघात, आणि शेवटी (बहुधा मतदानाने) कोणाचा संघ भारी ते ठरवा. खेळ एवढाच. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कोणीतरी विचारतं की बेकेनबाउअरला मिडफिल्डर धरायचं की डिफेंडर, आणि गाडी तिथेच अडते. ज्यांनी असे ड्राफ्ट चालवलेत त्यांनी आपापली पद्धत लिहा. "माझ्या संघाने सगळ्यांना कसं धुतलं" हे नको. नियम, आकडे, कुठे फसतं आणि का, एवढंच हवं.
चर्चेपुरता सांगाडा असा: आठ जण, प्रत्येकी १५ खेळाडू (११ आणि ४ राखीव, त्यात दुसरा गोलकीपर सक्तीचा). एकूण १२० नावं.

लिबेरो
आधी क्रम. चिठ्ठ्या टाकून १ ते ८ ठरवा आणि प्रत्येक फेरीला क्रम उलटवा. म्हणजे पहिल्याला १, १६, १७, ३२, ३३ असे पिक (खेळाडू निवडायच्या पाळ्या) मिळतात आणि आठव्याला ८, ९, २४, २५. सरळ क्रमाने प्रत्येक फेरी खेळलात तर पहिला माणूस शेवटपर्यंत फायद्यात राहतो, ते अजिबात करू नका.
आठवा क्रमांक आला की लोक तोंड पाडतात. खरं तर तो वाईट नाही. पेले, मेस्सी, मॅराडोना, क्रायफ, ब्राझीलचा रोनाल्डो, दि स्टेफानो, बेकेनबाउअर ही सात नावं गेली असं धरा. आता तुमच्या हातात लागोपाठ दोन पिक आहेत आणि त्यानंतर तुमची पाळी थेट २४व्या पिकाला. मधे १४ खेळाडू जाणार. अशा वेळी "आत्ता सर्वांत मोठा कोण" हा प्रश्न चुकीचा. "२४ पर्यंत कोण नक्की उरणार नाही" हे विचारा. मालदिनी आणि बारेसी एकदम उचललेत तर अर्धा बचाव दोन मिनिटांत उभा राहतो. पुढे झिको, प्लाटिनी, बॅजो यांच्यापैकी कोणीतरी उरतोच, कारण दहा नंबरवाल्यांना (मधून खेळ रचणाऱ्यांना) तोटा नाही.

डावी बगल
वरच्या प्रतिसादाला जोडून: लेफ्ट बॅकचा (डाव्या कडेच्या डिफेंडरचा) दुष्काळ असतो, हे पहिल्या फेरीत कोणाच्या डोक्यातच नसतं. मालदिनी, फाकेत्ती, निल्टन सांतोस, रॉबेर्तो कार्लोस ही पहिली चौकडी. त्यानंतर ब्राइटनर, ब्रेमे, काब्रिनी, ज्युनिअर, लिझाराझू, मार्सेलो, अ‍ॅशली कोल. आठ संघांना पुरतात, पण चौथ्या आणि पाचव्या नावात जी दरी आहे ती मतदारांना बरोबर दिसते. उजवीकडे थोडी सुबत्ता आहे: काफू, कार्लोस अल्बेर्तो, जाल्मा सांतोस, थुराम, झानेत्ती, दानी आल्वेस. फिलिप लाम दोन्हीकडे चालतो, म्हणून तो वाटतो त्यापेक्षा दोन फेऱ्या आधी जातो आणि जायलाच हवा.
गोलकीपरची घाई मात्र करू नका. याशिन नावामुळे लवकर जातो. गोलकीपर असून बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, १९६३) मिळवणारा तो एकटाच, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण बँक्स, झॉफ, मायर, श्मायकल, कान, बुफाँ, कासियास, नॉयर यांच्यात मतदार फारसा फरक करत नाहीत. आठ संघ आणि नऊ अव्वल गोलकीपर हे गणित असेल तर शेवटच्या तीन फेऱ्यांत घ्या. आणि दुसरा गोलकीपर सक्तीचा कशासाठी? या खेळात कोणाच्या मांडीचा स्नायू दुखावत नाही. ती जागा काढून टाका, आठ पिक वाचतात.

चार-चार-दोन
संघ कागदावर जुळतो का, हे बघणारा मतदार एक जरी असला तरी नुसती नावं गोळा करणाऱ्याची पंचाईत होते. नेहमी दिसणारे घोटाळे:
काफू आणि रॉबेर्तो कार्लोस एकत्र घेऊन पाठीमागे दोनच सेंटर बॅक. २००२ च्या ब्राझीलने या दोघांच्या मागे तीन डिफेंडर ठेवले होते, ते उगाच नाही. चारचाच बचाव हवा असेल तर एक बॅक वर जाणारा आणि एक घरी थांबणारा घ्या. प्रशिक्षक एरेराच्या इंटर मिलानमध्ये फाकेत्ती डावीकडून सुटायचा तेव्हा उजवीकडे बुर्निच जागा सोडत नसे.
बेकेनबाउअर लिबेरो (बचावात मागे मोकळा फिरणारा) म्हणून घेतलात तर शेजारी समोरच्या फॉरवर्डच्या अंगाला चिकटणारा मधला डिफेंडर, म्हणजे स्टॉपर, लागतो. जर्मनीत आणि बायर्नमध्ये ते काम श्वार्झेनबेक करायचा. बेकेनबाउअर आणि पासारेला अशी जोडी लावली की दोघंही बॉल घेऊन पुढे निघणार, आणि समोर गेर्ड म्युलर उभा आहे.
गारिंचा उजव्या विंगवर हवा असेल तर डावीकडून मागे येणारा कोणी तरी लागतोच. ब्राझीलसाठी ते झागालो करत असे. डावीकडे क्रिस्तियानो आणि उजवीकडे गारिंचा, मधे प्लाटिनी आणि झिदान: चार जण बॉलची वाट बघत उभे. इथे बॉल हिसकावून आणणाऱ्या माकेलेले, रायकार्ड किंवा नेस्केन्स यांची किंमत कळते. हे तिघे साधारण पाचव्या ते आठव्या फेरीत मिळतात आणि माझ्या मते तिथला तोच सर्वांत स्वस्त सौदा आहे. मथ्थॉयस या तिघांच्याही वरचा, पण तो तिसऱ्या फेरीपलीकडे उरत नाही.

रकानेवाला
पिक नोंदवायच्या स्प्रेडशीटबद्दल. नाव हा रकाना ओळख म्हणून वापरू नका. एक जण "बेकेनबाउअर" लिहितो, दुसरा "बेकनबावर", आणि काउंटइफचं (एखादं नाव किती वेळा आलं ते मोजणारं) सूत्र दोघांना वेगळे खेळाडू समजतं. तोच माणूस दोन संघांत जातो आणि पाच फेऱ्यांनंतर कोणाच्या तरी लक्षात येतं. मागचे पिक परत फिरवणं अशक्य, कारण त्यानंतरचं प्रत्येक पिक त्याच्यावर अवलंबून.
उपाय: आधीच ४०० नावांची यादी करा, प्रत्येकाला क्रमांक द्या आणि पिकच्या रकान्यात फक्त ड्रॉपडाउन ठेवा. यादीत नसलेलं नाव हवं असेल तर चालवणारा ते जोडेल, मगच पिक धरायचं. नावापुढे जन्मवर्ष हवंच. लुइस सुआरेझ दोन आहेत: स्पेनचा १९३५ चा (बॅलन डी'ओर १९६०) आणि उरुग्वेचा १९८७ चा. रोनाल्डो १९७६ आणि १९८५. म्युलर १९४५ आणि १९८९. घाईत नुसतं "सांतोस" लिहिणाऱ्याला जाल्मा हवा की निल्टन, हे मित्रांनाही सांगता येत नाही.

जुनाट
काळाची अट घाला, नाहीतर आठही संघ १९९० नंतरचेच होतात. "जुने खेळाडू किमान तीन" असा मोघम नियम टिकत नाही, जुना म्हणजे कधीचा यावरच तास जातो. जन्मवर्ष धरा. १९४० च्या आधी जन्मलेले तीन सक्तीचे, असा नियम चांगला चालतो: याशिन, दि स्टेफानो, पुश्काश, दिदी, गारिंचा, दोन्ही सांतोस, बॉबी चार्ल्टन, हेन्तो, मासोपुस्त, फॉन्तेन, कोचिश, कोपा, बँक्स, मॅथ्यूज... आठ संघांना लागणारी २४ नावं निघतात, पण जेमतेम. त्यामुळे ज्याने पहिल्या दहा फेऱ्यांत एकही घेतला नाही त्याच्या वाट्याला गाळ येतो.
सीमारेषा लिहून ठेवा. पेले ऑक्टोबर १९४० चा आहे. "१९४० पर्यंत" म्हटलं तर तो आत, "१९४० पूर्वी" म्हटलं तर बाहेर, आणि ज्याच्याकडे पेले आहे तो काय म्हणणार हे सांगायला नको.

आकडेमोड
मतदान नको, गुणच हवेत, असा हट्ट असेल तर आधी हे वाचा.
फक्त वर्ल्ड कपचे गोल मोजले तर क्लोजे १६, गेर्ड म्युलर १४, फॉन्तेन १३ (सगळे १९५८ चे, सहा सामन्यांत). दि स्टेफानो, जॉर्ज बेस्ट, जॉर्ज विआ शून्य, कारण ते वर्ल्ड कपच्या मैदानात उतरलेच नाहीत. १९५६ ते १९६० या पाचही युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) फायनलमध्ये गोल करणारा दि स्टेफानो शून्यावर, हे पचत नाही.
बॅलन डी'ओरला गुण देऊ नका. १९९४ पर्यंत तो फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता. १९९५ पासून युरोपातल्या क्लबांतले कोणीही आणि २००७ पासून जगभरातले. तुमच्या सूत्रात ओवेनला (२००१) गुण मिळतील आणि मॅराडोनाला भोपळा.
कार्डांचे गुण कापू नका. पिवळं-लाल कार्ड वर्ल्ड कपमध्ये १९७० पासून आलं. बदली खेळाडूही तेव्हापासूनच, त्यामुळे "मैदानावरची मिनिटं" हा निकषही जुन्यांना फुकट गुण देतो. असिस्टच्या नोंदी जुन्या काळात एकसारख्या नाहीत, तो रकाना सोडूनच द्या.
त्यातल्या त्यात चालणारी पद्धत: प्रत्येक खेळाडूचा एकच सीझन किंवा एकच स्पर्धा निवडायची आणि पिक करतानाच जाहीर करायची. मॅराडोना १९८६ (५ गोल), प्लाटिनी युरो १९८४ (५ सामन्यांत ९ गोल), रोनाल्डो बार्सिलोना १९९६-९७ (लीगच्या ३७ सामन्यांत ३४). यात कारकीर्द लांब की छोटी हा वादच मिटतो. व्हॅन बास्तेनसारखे, दुखापतीने लवकर थांबलेले खेळाडू एकदम वर येतात. डिफेंडरचं गणित मात्र यातही सुटत नाही. बारेसीला कोणत्या आकड्यात बसवणार?

हातोडा
पाळीपाळीने पिक करण्याऐवजी लिलाव घ्या, आयपीएलमुळे सगळ्यांना पद्धत माहीत असते. प्रत्येकी २०० गुण, १५ जागा, किमान बोली १. एकच सूत्र शीटमध्ये पक्कं हवं: जास्तीत जास्त बोली = उरलेले गुण वजा (उरलेल्या जागा वजा १). सुरुवातीला ती १८६ येते. हे सूत्र नसलं की कोणीतरी बारा जणांतच खिसा रिकामा करतो आणि तीन जागा भरताच येत नाहीत.
बोलीसाठी नाव कोणी पुकारायचं याची पाळी फिरती ठेवा. आपल्याला नको असलेलं मोठं नाव आधी पुकारा, दुसऱ्यांचे गुण खर्च होऊ द्या. पहिल्या वीस नावांना भाव अवाच्या सवा जातात. शेवटच्या तीसमध्ये शिरेआ, नेस्ता, रेडोंडो यांच्यासारखे पडत्या भावात सुटतात. आठ जणांचा पूर्ण लिलाव एका बैठकीत उरकत नाही, दोन भाग करा आणि मधे शीटला कुलूप लावा.

पणजीकर
भारतीय ड्राफ्टही करून बघा, पण चार जण, फक्त ११ खेळाडू, एकूण ४४ नावं. त्याहून वाढवलं की मतदारांना नावंच ओळखता येत नाहीत. थंगराज आणि ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये, शैलेन मन्ना, चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, बलराम, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा, पुढे विजयन, ब्रूनो कुतिन्हो, भुतिया, छेत्री. इथे आकडे नाहीतच, मतदानच लागतं.
जागेचा वाद इथेही आहे. जर्नेल सिंग स्टॉपर. पण १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये डोक्याला टाके असताना त्याला सेमीफायनल आणि फायनलला पुढे खेळवलं आणि दोन्हीत त्याने गोल केला. मग त्याला स्ट्रायकर म्हणून घ्यायचं का? आमचा नियम: त्या जागी एक पूर्ण सीझन किंवा एक पूर्ण मोठी स्पर्धा खेळलेला हवा. म्हणजे जर्नेल स्टॉपरच. बेकेनबाउअर १९६६ मुळे मिडफिल्डर आणि १९७४ मुळे लिबेरो, दोन्ही चालतो. जॉन चार्ल्स सेंटर हाफ आणि सेंटर फॉरवर्ड दोन्ही.

निनावी मत
मतदार संघमालकांपैकी नकोत. बाहेरचे ९ किंवा ११ घ्या, विषम संख्या. संघ पाठवताना मालकाचं नाव काढून, फक्त मांडणी आणि १५० शब्दांत खेळायची पद्धत. आठ संघांची साखळी म्हणजे २८ सामने. दिवसाला दोनपेक्षा जास्त मतदानं टाकलीत की मतदार वाचणं सोडतात आणि ओळखीची नावं बघून बटण दाबतात. वेळ कमी असेल तर सरळ बाद फेरी, सातच सामने.
प्रत्येक मतासोबत एका ओळीचं कारण मागा. कारण "मेस्सी आहे" एवढंच आलं तर ते मत बाद, असं आधीच सांगून ठेवा.

रात्रपाळी
पुणे, लंडन आणि न्यू जर्सीत पांगलेल्या ग्रुपसाठी: समोरासमोर दोन मिनिटांचं पिक धरलं तर १२० पिकांना चार तास जातात, तेवढं सगळे एकत्र जागे नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर खेळायचं तर प्रत्येक पिकला सहा तास, आणि ज्याच्या त्याच्या घड्याळात रात्री ११ ते सकाळी ७ मोजायचे नाहीत. झोपण्यापूर्वी पाच नावांची क्रमवार यादी न खेळणाऱ्या एका माणसाकडे पाठवायची. पाळी आली की तो यादीतलं उरलेलं पहिलं नाव लावतो. यादी नाही आणि वेळ संपली तर पाळी पुढे जाते, हुकलेलं पिक नंतर कधीही घ्या, पण तोवर जो गेला तो गेला. खेळाडूंची अदलाबदल शेवटच्या पिकनंतर ४८ तास खुली, एकास एक, आणि ग्रुपवर जाहीर केलेलीच ग्राह्य.