मिनेसोटा: उणे तापमानात स्कूल बस उशिरा येते, मुलाला स्टॉपवर किती वेळ थांबू द्यावं? मदत हवी आहे

नवीन_मिनेसोटाकर:

नमस्कार मंडळी,

आम्ही जूनमध्ये पुण्याहून मिनियापोलिसच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहायला आलो. मुलगा तिसरीत आहे, ८ वर्षांचा. इथला हिवाळा कडक असतो हे ऐकून होतो, त्यामुळे कपड्यांची खरेदी ऑक्टोबरातच उरकली. आता अडचण येतेय ती बसची.

सकाळची बस ८:१० ची. स्टॉप घरापासून चार-पाच मिनिटांवर, एका चौकात. तिथे छप्पर नाही, आडोसा नाही, आणि समोर मोकळं मैदान असल्यामुळे वारा थेट अंगावर येतो. नवरा पहाटेच हॉस्पिटलला जातो. एरवी मी मुलाला बसमध्ये बसवून ऑफिसला निघते, पण काही दिवस मलाही लवकर जावं लागतं. त्या दिवशी तो शेजारच्या पाचवीतल्या मुलीबरोबर थांबतो. गेल्या आठवड्यात तापमान शून्य फॅरेनहाइटच्या (म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या) खाली गेलं आणि बस अर्धा तास उशिरा आली. बर्फ पडत नव्हता, रस्ते कोरडे होते. उशीर होणार असल्याचा मेसेज आला तो मुलं बसमध्ये चढल्यानंतर. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, कान आधी दुखत होते, मग दुखायचे थांबले." तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

मला जाणून घ्यायचंय ते असं: बर्फ नसताना नुसत्या थंडीने बस का खोळंबते? मुलाने किती वेळ वाट पाहायची आणि मग कुठे जायचं, हे तुम्ही घरी कसं ठरवलंय? दुपारी परतीची बस उशिरा आली तर काय करता? आणि शाळेशी बोलताना नेमकं काय मागायचं? "मुलांना उबदार कपडे घाला" एवढंच उत्तर मला तिकडून मिळालंय.

डिझेलवाला_काका:

बसच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, डिझेल इंजिनांच्या कामात आयुष्य गेलंय. आधी कोथरूडला, नंतर इथे.

डिझेलमध्ये मेण असतं. साधं, म्हणजे इथे ज्याला नंबर दोन म्हणतात ते डिझेल उणे १० सेल्सिअसच्या आसपास गढूळ व्हायला लागतं. तापमान आणखी उतरलं की ते मेण फिल्टरमध्ये साचतं आणि इंजिनापर्यंत इंधन पोचत नाही. म्हणून हिवाळ्यात त्यात पातळ, नंबर एकचं डिझेल मिसळतात. बायोडिझेल तर त्याहून लवकर गोठतं. मिनेसोटात कायद्याने डिझेलमध्ये उन्हाळ्यात २० टक्के बायोडिझेल घालतात, हिवाळ्यात ते ५ टक्क्यांवर आणतात, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट बॅटरीची. शून्य फॅरेनहाइटला तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झाल्याने स्टार्टरला जास्त जोर लागतो. बहुतेक बसगाड्या रात्रभर उघड्या यार्डात उभ्या असतात. इंजिनाला ते ऊबदार ठेवणारा ब्लॉक हीटर असतो, रात्री तो विजेला जोडून ठेवतात. एखाद्या गाडीचा प्लग निसटला तरी ती सकाळी हलत नाही. तिसरी गोष्ट एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची. हवेच्या टाकीत ओल राहिली की नळ्यांमध्ये बर्फ धरतो. पुरेसा दाब आल्याशिवाय गाडी काढता येत नाही आणि काढूही नये. ड्रायव्हर पहाटे चारला येऊन हे सगळं तपासत असतात, त्यांच्यावर चिडू नका.

तुमच्या मुलाची बस ८:१० ची आहे, म्हणजे ती बहुधा त्या गाडीची दुसरी किंवा तिसरी फेरी असणार. तीच गाडी आधी हायस्कूलची मुलं सोडते, मग मिडल स्कूलची आणि शेवटी लहान मुलांची. पहिल्या फेरीत दहा मिनिटं गेली की ती पुढे साचत जातात. त्यात ड्रायव्हर कमी असले तर एका ड्रायव्हरकडे दोन रूट येतात. म्हणून ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला एवढंच विचारा: आमची बस आधी कुठली फेरी करून येते आणि तिची वेळ काय? बस-ॲप असेल तर थंडीच्या दिवशी आधीच्या फेरीपासूनच गाडीवर नजर ठेवा. तिथे उशीर दिसला, तर मेसेज येवो न येवो, तुमच्याकडेही उशीर होणारच. मी नातीसाठी हेच करतो.

प्लिमथची_आई:

ताई, कानाचं आधी बोलते. दुखायचं थांबलं याचा अर्थ बरं वाटलं असा नाही, तिथली संवेदना जात होती. त्याला शिकवून ठेवा: कान, नाक, बोटं बधिर झाली किंवा कातडी पांढुरकी, मेणासारखी दिसली की लगेच घरात यायचं, बस गेली तरी चालेल. आल्यावर चोळायचं नाही, हीटरसमोर धरायचं नाही. कोमट पाण्यात बोटं बुडवायची, कानावर कोमट ओलं फडकं ठेवायचं. फोड आले किंवा रंग परत आला नाही तर डॉक्टर. व्हॅसलिनने कातडी फुटत नाही एवढंच, हिमदंश त्याने टळत नाही.

किती वेळ थांबायचं ते विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला प्रत्यक्ष जाणवणारी थंडी, बघून ठरवा, नुसतं तापमान बघू नका. राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्यात शून्य फॅरेनहाइट आणि ताशी १५ मैल वारा असेल तर विंड चिल उणे १९ येतं (आपल्या सेल्सिअसमध्ये उणे २८), आणि तिथे उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. तुमच्या चौकात वारा थेट येतो, तेव्हा अर्धा तास ही मर्यादा धरूच नका. आमच्या घरात नियम असा आहे: विंड चिल शून्य फॅरेनहाइटच्या खाली असेल तर बसच्या वेळेनंतर दहा मिनिटं, उणे २० च्या खाली असेल तर पाचच. मग सरळ ठरलेल्या घरी. हे आकडे आम्ही ठरवलेले आहेत, कुठल्या सरकारी पत्रकातले नाहीत. पण मुलाला आकडाच लागतो. "थोडा वेळ थांब" म्हटलं की ही मुलं बस चुकेल या भीतीने गोठेपर्यंत उभी राहतात.

हे ठरलेलं घर शोधणं सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं घर नको, कारण तुम्ही ऑफिसात असता. स्टॉपच्या अगदी जवळच्या कुणाचं तरी बघा. आमच्या चौकातल्या निवृत्त आजींना मी डब्यात बेसनाचे लाडू घेऊन भेटायला गेले आणि विचारलं. त्यांनी गॅरेजमध्ये दोन खुर्च्या मांडून ठेवल्या! इथले लोक आपणहून विचारत नाहीत, पण विचारलं की नाही म्हणत नाहीत.

नवीन_मिनेसोटाकर:

प्लिमथच्या ताई, रडू आलं वाचून. आमच्याही कोपऱ्यावर एक जोडपं राहतं, आजवर फक्त हात हलवून ओळख. आज जाते.

काका, आधीची फेरी तपासायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. ॲप आहे, आत्ताच बघितलं, आमची गाडी आधी मिडल स्कूलला जाते.

कपड्यांबद्दल कुणी सांगेल का? जाड जॅकेट, कानटोपी, मफलर, हातमोजे घालतो तो. कान उघडे पडले कारण टोपी सारखी वर सरकते.

विनिपेगहून:

मफलर बंद करा. लांब मफलर, जॅकेटच्या लोंबत्या नाड्या बसच्या दाराच्या कठड्यात अडकून अपघात झालेले आहेत. त्याऐवजी गळ्यात घालायची नळीसारखी पट्टी मिळते, ती नाकापर्यंत वर ओढता येते. टोपी हनुवटीखाली बंद होणारी घ्या. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन्स (चारही बोटांना एकच कप्पा असलेले), त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात. अंगालगत सुती कपडा नको, घाम आला की ओला राहतो आणि गार पडतो. लोकरीचे मोजे एकच जोड, बुटात बोटं हलली पाहिजेत. दोन जोड कोंबले की पाय जास्त गार पडतात.

आमच्याकडे कॅनडात काही स्कूल डिव्हिजनमध्ये विंड चिल उणे ४५ सेल्सिअस झालं की बस बंद, शाळा मात्र उघडी. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, आकडा विचारून घ्या.

प्लिमथची_आई:

आकडा प्रत्येक डिस्ट्रिक्टचा वेगळा. इथे बऱ्याच ठिकाणी विंड चिल उणे ३५ ते उणे ४० फॅरेनहाइटच्या आसपास शाळा बंद ठेवायचा किंवा उशिरा सुरू करायचा विचार होतो. ६ जानेवारी २०१४ ला गव्हर्नर मार्क डेटन यांनी थंडीमुळे राज्यभरातल्या सरकारी शाळा बंद ठेवल्या होत्या. ते फार क्वचित होतं. २०१९ च्या जानेवारीअखेर मिनियापोलिसला तापमान उणे २८ फॅरेनहाइटला गेलं, तेव्हा निर्णय डिस्ट्रिक्टांनीच घेतले. म्हणजे तुमचं लक्ष डिस्ट्रिक्टच्या मेसेजवर हवं. दोन तास उशिराने शाळा असा मेसेज आला तर बसही दोन तास उशिरा. ई-लर्निंगचा (घरून ऑनलाइन शाळेचा) दिवस जाहीर झाला तर घरी कोण थांबणार, हे दोघांनी आत्ताच ठरवा, पहाटे साडेपाचला नको.

शाळेकडे कपड्यांची चर्चा करू नका, तीन गोष्टी लेखी मागा: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर असेल तर मेसेज बस येण्याआधी पाठवावा, स्टॉप आडोशाच्या जागी हलवता येईल का ते तपासावं, आणि पालकांनी उशिरा आणून सोडलेल्या मुलाला बसमुळे झालेला उशीर म्हणून हजर धरावं. तिसरी गोष्ट मिळाली की मुलाची भीती निम्मी कमी होते. आम्हाला स्टॉप हलवून मिळाला, पण त्यासाठी चौकातल्या सगळ्या पालकांनी एकत्र ईमेल लिहिली होती.

डिझेलवाला_काका:

एक राहिलं. पुष्कळ पालक स्टॉपवर गाडीत बसून वाट पाहतात, ते चांगलंच आहे, शेजारच्या मुलीलाही बसवा. पण गाडी गॅरेजमध्ये सुरू करून तापवत ठेवू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. गाडी बर्फात उभी असेल तर मागचा सायलेन्सर मोकळा आहे ना, ते बघा. मुलगा गाडीत सीटबेल्ट लावणार असेल तर फुगीर जॅकेट काढून बेल्ट लावायचा आणि जॅकेट वरून पांघरायचं. जॅकेटवरून बेल्ट ढिला बसतो.

आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीने रस्त्याकडेला रचलेल्या बर्फाच्या ढिगावर मुलांना चढू देऊ नका. तिथून घसरलं की थेट बसच्या चाकाकडे.

नवीन_मिनेसोटाकर:

कोपऱ्यावरच्या जोडप्याकडे जाऊन आले. बाई स्वतः पूर्वी स्कूल बस चालवायच्या! त्यांनी लगेच होकार दिला, गॅरेजच्या बाजूच्या दाराचा कोडही दिला. मुलाला दोनदा चालवून दाखवलं. सकाळचा नियम दहा आणि पाच मिनिटांचा, ताईंचाच घेतला. शेजारच्या मुलीच्या आईशी बोलून तिलाही तोच सांगितला, म्हणजे दोघं एकत्रच निघतील. उद्या चौकातल्या पालकांना मेसेज करते, ईमेल एकत्र लिहू.

दुपारचं अजून सुटलेलं नाही. बस ३:५० ला सोडते, मी ४:३० ला पोचते. एरवी तो किल्लीने घरात जातो. कुलूप गोठलं किंवा मिटन्समध्ये किल्ली हरवली तर?

प्लिमथची_आई:

आकड्यांचं कुलूप बसवा. त्याच्या बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, म्हणून नोव्हेंबरात बदलायच्या, आणि तरीही एक किल्ली कोपऱ्यावरच्या बाईंकडे ठेवायची. मुलाच्या हातात फोनवालं घड्याळ असेल तर ते जॅकेटच्या बाहीच्या आत, उघड्यावर थंडीने बंद पडतं. शाळेतून बस निघाल्याची सूचना ॲपवर तुम्हालाही येऊ द्या आणि त्या बाईंनाही. ४ वाजेपर्यंत तो दारात दिसला नाही तर त्या तुम्हाला फोन करतील, एवढं त्यांच्याशी बोलून ठेवा.