मुरमांवरचे लेप: लिंबू नको, लोध्र चालेल

मुरमांवर लिंबाचा रस रात्रभर लावून ठेवावा, हा सल्ला कृपया कोणी पाळू नये. त्वचेचा सामू (pH; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ५ असतो, तर लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. त्यामुळे आग होतेच, शिवाय रस नीट न धुता उन्हात गेल्यास काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

आयुर्वेदात मुरमांना मुखदूषिका म्हणतात, आणि प्राचीन वैद्य सुश्रुताने त्यांची तुलना सावरीच्या झाडाच्या काट्यांशी केली आहे. (सावरीचे खोड जवळून पाहिलेल्याला ही उपमा लगेच पटेल.) त्यांच्यावर लोध्र (एक औषधी झाड), धणे आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे. आमची आजी लोध्राची साल सहाणेवर पाण्यात उगाळून, करंगळीच्या टोकाने फक्त पुटकुळीवर लावत असे आणि लेप वाळून कातडी ओढू लागण्याआधीच कोमट पाण्याने धुवायला लावत असे. वेखंड तीक्ष्ण असल्याने ते चिमूटभरच घ्यावे, आणि कोणताही लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे.

गाठीसारखी, दुखरी, खड्डे पाडणारी मुरमे असतील, तर मात्र लेपांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण ते व्रण पुढे कोणत्याही लेपाने भरून येत नाहीत.