पाकळी आणि वर्तुळपाकळी: फुलातल्या आकाराला काय म्हणायचं?

शब्दवेडी: नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांसाठी भूमितीचा सरावसंच इंग्रजीतून मराठीत आणतेय. आकृती सगळ्यांच्या ओळखीची आहे: ७ सेमी त्रिज्येचं वर्तुळ आणि त्यात कर्कटकाने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल. छायांकित फुलाचं क्षेत्रफळ काढायचं. मी 'प्रत्येक पाकळी' लिहिलं, ते तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. पाठ्यपुस्तकात 'वर्तुळपाकळी' म्हणजे दोन त्रिज्या आणि कंस यांनी वेढलेला भाग. एका मुलाने सहा वर्तुळपाकळ्या धरल्या आणि उत्तर आलं १५४ चौसेमी, म्हणजे अख्खं वर्तुळ! मग या आकाराला म्हणायचं काय?

निवृत्त_मास्तर: बाईंचं बरोबर आहे. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ ती जीवा, आणि जीवा व कंस यांच्यामधला भाग तो वर्तुळखंड. फुलाची एक पाकळी म्हणजे एकाच जीवेच्या दोन अंगांना असलेले दोन वर्तुळखंड. ६० अंशांची वर्तुळपाकळी २५.६७ चौसेमी, त्यातून समभुज त्रिकोणाचे २१.२ वजा केले की खंड साडेचारच्या आत. असे बारा खंड, म्हणजे फूल साधारण ५३ चौसेमी. परीक्षेत एका शब्दाला एकच अर्थ हवा. 'द्विखंड' लिहा.

वाशीकर: सर, द्विखंड कुठल्या मुलाला कळणार? आमच्या सेमी-इंग्रजीच्या वर्गात वर्तुळपाकळीला सेक्टर, वर्तुळखंडाला सेगमेंट आणि छायांकित भागाला 'शेडेड पोर्शन' म्हणतात, कुणाचं काही अडत नाही.

कऱ्हाडची_मीना: अडतं की! सेक्टर आणि सेगमेंट दोन्ही लॅटिनमधल्या 'कापणे' याच धातूतून आलेत, नावावरून कुठला कुठला ते कळत नाही. मुलं वर्षभर त्यांची अदलाबदल करतात. मराठीत जीवा, चाप, शर ही सगळी धनुष्याची नावं, भास्कराचार्यांच्या लीलावतीतही तीच आहेत. डोळ्यांना दिसेल ते नाव द्यायची आपली रीतच आहे. फुलाची पाकळी दोन्ही टोकांना निमुळती असते, तिचं नाव काढून घेऊ नका. उलट 'वर्तुळपाकळी' हेच नाव त्या आकाराला शोभत नाही.

निवृत्त_मास्तर: मीनाताई, रूढ झालेली संज्ञा अशी एका रात्रीत बदलत नाही. शिक्षकांच्या कितीतरी पिढ्या ती शिकवत आल्या आहेत.

शब्दवेडी: मग सेक्टरला दुसरा शब्द कुठला?

कऱ्हाडची_मीना: चतकोर! भाकरीचा चतकोर म्हणजे नेमकी ९० अंशांची वर्तुळपाकळी. दोन त्रिज्या आणि एक कंस, सगळं ताटात दिसतं.

वाशीकर: चतकोरातला 'कोर' चंद्रकोरीतलाच असणार, असं मला वाटतं.

निवृत्त_मास्तर: चंद्रकोर दोन कंसांची असते, चतकोराला दोन सरळ कडा आहेत. 'कोर' म्हणजे इथे कड किंवा तुकडा.

नांदेडचा_अमोल: आणि नितकोर? आमच्याकडे चतकोराचा अर्धा म्हणजे नितकोर, ४५ अंश.

कऱ्हाडची_मीना: आमची आजी कुठल्याही लहान तुकड्याला नितकोर म्हणायची. त्यात माप नव्हतं.

नांदेडचा_अमोल: माप होतं ताई. वाढताना आई चतकोर नको, नितकोर दे असंच सांगायची, आणि तो अर्धाच निघायचा.

शब्दवेडी: मंडळी, संच परवा द्यायचाय. सध्या 'पाकळीसारखा छायांकित भाग' लिहून ठेवते.

निवृत्त_मास्तर: आकृतीत तिरप्या रेघा असतील तर 'रेखांकित' लिहा. छाया वेगळी.

वाशीकर: आता नितकोराचं पण सांगा ना सर.