नववीत शाळा सुटलेल्या मुलाला परत कसे आणावे?

प्रश्न (दत्तवाडी, पुणे): आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंचा पंधरा वर्षांचा मुलगा दिवाळीनंतर शाळेत गेलेलाच नाही आणि आता एका गॅरेजमध्ये कामाला लागला आहे. ‘त्याचं शाळेत मनच लागत नाही,’ एवढेच त्या सांगतात. मुले नेमकी याच वयात शाळा का सोडतात, आणि आम्ही काय करू शकतो?

माध्यमिक शिक्षिका: मन न लागण्यामागे बहुतेक वेळा अभ्यास न समजणे असते. आठवीपर्यंत वरच्या वर्गात ढकलला गेलेला, अपूर्णांकांची वजाबाकीही न येणारा मुलगा नववीत बीजगणितासमोर बसतो, फळ्यावरचे निमूटपणे उतरवून घेतो आणि विचारले की मान खाली घालतो. त्यातच दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच मागे ठेवतात, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. मुलगा एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी सोमवार बुडतो, मग चाचणीचे दिवस बुडतात, आणि हजेरीपत्रकात हे सारे दिसत असते. सलग तिसऱ्या गैरहजेरीला वर्गशिक्षकांनी घरी जावे आणि परतलेल्या मुलाला, चारचौघांत न बोलता, पाचवी-सहावीच्या गणितापासून शिकवावे. माझ्या अनुभवात याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झालेला नाही.

वस्तीत अभ्यासिका चालवणारा: पैशांची बाजू मात्र विसरू नये. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंतच आहे, आणि चौदा वर्षांपुढील मुलांना बिनधोक्याच्या कामावर ठेवण्यास कायद्याची बंदी नाही. त्यामुळे घरात कोणी आजारी पडले की पहिली कात्री याच मुलांच्या शाळेला लागते. मुलींच्या बाबतीत धाकट्या भावंडांना सांभाळणे, वस्तीतली शाळा सातवी-आठवीलाच संपल्याने वाढलेले अंतर आणि लग्नाची घाई यांची भर पडते. आठवीत एनएमएमएस या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठीच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाल्यास शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण कित्येक पालकांना ही परीक्षा ठाऊकच नसते. सातवीतच त्यांना ती सांगायला हवी.

रात्रशाळेचा माजी विद्यार्थी: मी दिवसा काम करून रात्रशाळेतून दहावी झालो. बाजीराव रस्त्यावरील पूना नाईट हायस्कूलसारख्या शाळा अशाच मुलांसाठी आहेत, आणि ते जमले नाही तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. त्याला उपदेश करू नका. गॅरेजमधून तो किती वाजता सुटतो, हे आधी विचारा आणि मालकांशीही एकदा बोला. ताईंना मात्र आजच सांगा की शाळेतून दाखला काढण्याची घाई करू नका. नाव पटावर आहे तोवर त्याच वर्गात परतणे बरेच सोपे असते, म्हणून त्यांच्यासोबत तुम्ही स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेटा.