आंब्याची फवारणी आणि शुगर, काही संबंध असतो का?

कलमवाली_देवगड
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ५६) गेल्या महिन्यात शुगर निघाली, उपाशीपोटी २१२, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.१. आजी, आजोबा, आत्या कोणालाच नव्हती, बाबा सडपातळ, दिवसभर बागेत चढउतार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, भात कमी करा म्हणाले. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जातच नाही. लहानपणापासून बघतेय, मोहोर आला की तुडतुड्यासाठी, मग थ्रिप्ससाठी, सीझनला सात-आठ फवारण्या होतातच आणि आंब्याला गन वर धरावी लागते त्यामुळे अर्धं औषध परत अंगावरच गळतं, बाबा बनियनवर, तोंडाला नुसता टॉवेल. ३० वर्षं हेच. यानेच झालं असेल का, की मी उगाच जोडतेय?

खाडीकाठ
उगाच नाही. मी लॅबमध्ये आहे म्हणून जरा वाचलंय. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या ३० हजारांवर फवारणीवाल्यांचा अभ्यास २००८ मध्ये आला, काही ठराविक औषधं जास्त वापरलेल्यांत डायबेटिस जास्त दिसला, त्यात डायक्लोरव्हॉस होतं. आपल्याकडे त्यावर २०२० संपताना बंदी आली, बाबांना विचार पूर्वी मारायचे का. मदुराईच्या संशोधकांनी २०१७ ला उंदरांवर दाखवलं की ऑरगॅनोफॉस्फेट (डायक्लोरव्हॉस ज्यात येतं तो कीटकनाशकांचा गट) पोटात गेलं की आतड्यातले जंतू ते फोडतात, त्यातून अ‍ॅसिटेट तयार होतं आणि लिव्हर त्याचीच साखर बनवतं. पण तुझ्या बाबांना यामुळेच झालं हे कुठलीच टेस्ट सांगणार नाही, आणि सडपातळ माणसांना आपल्याकडे एरवीही होतो.

मालवणी_माणूस
ताई, एक सांगतंय. माज्या काकांनी पण ह्याच डोक्यात घेतल्यानी, फवारणीन झाला म्हणान गोळ्यो सोडल्यानी आणि किराईताचो काढो पित रवले. सा महिन्यान पायाची जखम भरना. कारण खयचा पण असू दे, गोळ्यो सोडूक देव नको.

हापूस_रत्नागिरी
आमच्याकडे ३ वर्षांपासून फुल बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, गॉगल, चांगला मास्क आणि वारा पाठीमागून असेल तेव्हाच पंप चालू, उकाड्याने जीव जातो पण गड्यांना पण तेच, त्यांना सोडून चालणार नाही, सगळ्यात जास्त औषध त्यांच्याच अंगावर. हे औषध कातडीतून पण आत जातं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आल्या आल्या अंघोळ. आणि फवारणीचे कपडे वेगळे धुवा, घरच्या कपड्यांत नाही.

कलमवाली_देवगड
सगळ्यांचे खूप आभार. बाबांच्या गोळ्या चालूच राहतील. कपड्यांचं वाचलं आणि पोटात गोळाच आला, ते कपडे एवढी वर्षं आई धुतेय, दगडावर, उघड्या हातांनी. तिची शुगर आम्ही आजवर एकदाही बघितली नाही. सोमवारी घेऊन जातेय.